मदत हवी आहे: गच्चीवरच्या खताच्या ड्रमात अळ्या आणि घाण वास

नमस्कार मंडळी. मी छत्रपती संभाजीनगरला राहते. संक्रांतीपासून गच्चीवर ओल्या कचऱ्याचं खत करतेय. 60 लिटरचा ड्रम आहे, बाजूनं भोकं पाडून घेतलीत. घरात पाच माणसं, रोज किलोभर तरी निघतं. उन्हाळा लागेपर्यंत सगळं सुरळीत होतं. कलिंगड-आंब्याच्या साली सुरू झाल्या आणि बिनसलं. वरचा थर पापडासारखा कडक, काडी खुपसली की खाली काळा चिखल आणि सडक्या अंड्यासारखा वास. परवा झाकण काढलं तर करड्या, जाडजूड अळ्या नुसत्या वळवळत होत्या. शेजारच्या काकूंनी खालूनच विचारलं, "काय कुजायलंय गं वर?" सासूबाई म्हणतात, दे सगळं घंटागाडीत.

मला ते नकोय. फेब्रुवारी 2018 मध्ये, शहराचा कचरा डेपो जिथे होता त्या नारेगावच्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा आमच्या कोपऱ्यावर ढीग साचला होता. रात्री कोणीतरी पेटवून द्यायचं, धूर घरात. आम्हाला तेवढ्यानंच नको झालं होतं. त्या लोकांनी तीस वर्षांहून जास्त काळ अख्ख्या शहराचा कचरा उशाशी घेऊन काढला. घरातलं ओलं घरातच जिरावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

तर, कडब्याची कुट्टी मिळते, ती किती घालू? अळ्यांवर पावडर मारू का?

प्रतिसाद:
ताई, पावडर अजिबात नको, खत करणारे जिवाणूही मरतील. त्या अळ्या बहुतेक ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असाव्यात. त्या चावत नाहीत, उलट कचरा भराभर खातात. मात्र त्या फार झाल्या म्हणजे आत ओल जास्त आहे. सडक्या अंड्याचा वास हवा न पोचल्याचा. ड्रम रिकामा करून सगळं मोकळं करा. पुढे एक डबा ओल्याला दोन डबे कुट्टी किंवा वाळका पाला, आणि तीन-चार दिवसांनी खालवर. मूठ घट्ट आवळली की एखाद-दुसरा थेंब यावा, धार नको. ऊन वरून सुकवतं म्हणून पाणी मारत बसू नका, ड्रम सावलीत घ्या. आणि तळाला भोकं आहेत ना?

धागाकर्ती:
नव्हती हो! आज रिकामा केला, तळाशी वीतभर पाणी. भोकं पाडली, खाली दोन विटा लावल्या, जिन्याखाली सरकवला. ते काळं पाणी मी बादलीत ठेवलंय. जास्वंदीला घातलं तर चालेल का?