‘पर्यावरणपूरक’ चौक आणि उद्याने: रचना खरोखरच बदलली आहे का?

प्रश्न:
अलीकडे प्रत्येक नव्या उद्यानाच्या किंवा चौकाच्या आराखड्यात ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द हमखास आढळतो. प्रत्यक्षात मात्र तीच फरसबंदी, तीच कारंजी आणि कुंड्यांतली तीच झाडे दिसतात. पर्यावरणाच्या जाणिवेमुळे रचनेचा मूळ विचारच बदलला, असे म्हणता येईल अशी उदाहरणे कोणती?

प्रतिसाद १:
अशी उदाहरणे आहेत आणि माझ्या मते त्यांतली सर्वांत ठोस पाण्याशी निगडित आहेत. पावसाचे पाणी शक्य तितक्या लवकर गटारात लोटायचे, हा जुना शिरस्ता. आता ते जागच्या जागी थोपवून सावकाश सोडण्याकडे कल आहे. सिंगापूरमधील बिशान-आंग मो किओ उद्यानात काँक्रीटच्या सरळ कालव्यात कोंडलेली कलांग नदी २०१२ पर्यंत पुन्हा वळणे घेत वाहती करण्यात आली, आणि तिच्या काठची हिरवळ, जिथे एरवी लोक बसतात, मोठ्या पावसात पूरपट्ट्याचे काम करते. रॉटरडॅममधील बेंथमप्लाइन या चौकात खोलगट क्रीडांगण आहे. ते कोरड्या दिवसांत खेळासाठी आणि अतिवृष्टीत पाणी साठवण्यासाठी वापरले जाते.

प्रतिसाद २:
सहमत आहे, परंतु सोलमधील चोंगेचॉन ओढ्याचेही उदाहरण लक्षात घ्यावे. त्यावरचा उन्नत रस्ता पाडून २००५ मध्ये हा ओढा खुला करण्यात आला, हा निर्णय धाडसीच होता. मात्र त्यातले बरेचसे पाणी हान नदीतून उपसून आणावे लागते. म्हणजे दिसायला ओढा, चालतो पंपावर. तरीही मोटारींकडून परत मिळवलेली जागा मी कमी लेखणार नाही.

प्रश्नकर्ता:
मग आराखडा पाहताना नेमके काय तपासावे?

प्रतिसाद १:
रंगीत चित्रे बाजूला ठेवून उभा छेद, म्हणजे जमीन उभी कापल्यास आतले थर कसे दिसतील ते दाखवणारे रेखाचित्र, मागावा. फरशीखाली पाणी मुरणारा थर आहे की सलग काँक्रीट, झाडाच्या मुळांना किती माती मिळणार आणि साचलेले पाणी शेवटी कुठे जाणार, हे त्यातच कळते. झाडांची संख्या मोठी आणि आळी मात्र हातभर रुंदीची असतील, तर ती झाडे सावली देण्याइतकी वाढण्याची शक्यता कमीच.

प्रतिसाद ३:
त्यात देखभालीचीही चौकशी जोडावी. मुरणाऱ्या फरसबंदीच्या फटी मातीने बुजतात आणि त्या वेळोवेळी साफ केल्या नाहीत, तर ती साध्या फरशीसारखीच वागू लागते.