स्वप्नात आईला फोन लागतच नाही, याचा अर्थ काय लावावा?

अबोली:
गेले काही महिने एकच स्वप्न थोड्याफार फरकाने पडतंय. मी रेल्वेच्या फलाटावर उभी आहे. आई डब्यात खिडकीशी बसली आहे आणि तिची औषधांची पिशवी माझ्याच हातात राहिली आहे. गाडी हलते. मी घाईघाईने तिचा नंबर दाबते, तर शेवटचा आकडा दर वेळी चुकतो. पुसते, पुन्हा दाबते, आठाच्या जागी तीन उमटतो. एरवी हा नंबर मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल. पण सगळ्यात जिव्हारी लागतो तो आईचा चेहरा. ती घाबरलेली नसते. शांतपणे भलतीकडेच बघत असते. मी तिथे उभी आहे हे तिच्या गावीही नसतं.

छातीत धडधडून जाग येते, तेव्हा बहुतेक पहाट झालेली असते. पहाटेची स्वप्नं खरी होतात असं लहानपणापासून ऐकलंय, म्हणून जास्तच धास्तावते. आई लांब, भावाकडे राहते. मागे तिचं हृदयाचं ऑपरेशन झालं, आता बरी आहे. गाडी म्हणजे मृत्यू, असं कुठेतरी वाचलं. तुम्हाला काय वाटतं?

मुशाफिर:
पहाटेपुरतं सांगतो. झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांत चालते. प्रत्येक फेरीत बंद पापण्यांखाली डोळे भराभर फिरण्याचा एक टप्पा येतो; अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन या संशोधकांनी तो 1953 साली जगापुढे आणला. ठसठशीत स्वप्नं बहुतेक त्याच टप्प्यात पडतात आणि रात्र सरते तसा तो लांबत जातो. पहाटे त्यातूनच जाग येते, म्हणून ती स्वप्नं लक्षात राहतात. भाकीत वगैरे काही नाही. शिवाय त्या वेळी भीतीशी निगडित अमिग्डाला हा मेंदूचा भाग जोरात असतो आणि तर्क लावणारा मेंदूचा पुढचा भाग थंडावलेला असतो. साधा नंबर न लागणं तिथे खरं का वाटतं, ते यावरून कळेल.

निशाचर:
अबोलीताई, गाडीला धरून बसू नका. प्रवासाला निघणं म्हणजे मरण, असं मनोविश्लेषक फ्रॉइडने लिहिलंय खरं. पण ज्याला स्वप्न पडलं त्याला त्यावरून काय काय आठवतं हे विचारा, हा आग्रहही त्याचाच. अर्थांचे तयार तक्ते देणारे नेमकं हेच गाळतात आणि माणसं उगाच घाबरतात, याचा मला राग येतो.

मी स्वप्नांची वही ठेवते, आणि त्यात घटनेच्या आधी भावना लिहिते. अर्नेस्ट हार्टमन या मानसोपचारतज्ज्ञाचं म्हणणं मला फार पटतं: मनावर ज्या भावनेचा पगडा असतो, तिचंच स्वप्न चित्र करतं. आगीतून वाचलेल्या माणसाला स्वप्नात प्रचंड लाट अंगावर येताना दिसू शकते. लाट त्याने पाहिलेली नसते, हतबलता मात्र तीच असते.

आता तुमचंच लिहिलेलं पुन्हा वाचा. गाडी सुटण्यावर तुम्ही दोन शब्द खर्चलेत आणि आईच्या चेहऱ्यावर चार वाक्यं. मला यात मरणाची भीती दुय्यम वाटते. तिला लागणारी वस्तू तुमच्याजवळ आहे, ती तिच्यापर्यंत पोचत नाही, आणि तिला तुमची वाटही बघायची नाहीये. जागेपणी असं कुठे होतं?

अबोली:
वाचून रडूच आलं. ऑपरेशनची तारीख ठरल्याचं मला सगळ्यात शेवटी कळलं. "तू एवढ्या लांब, उगाच कशाला जिवाला घोर," असं आई म्हणाली. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. आजही फोनवर "बरी आहे गं" यापुढे ती जात नाही. तिला कोणती औषधं चालू आहेत, हेही मला माहीत नाही.

निशाचर:
मग हे तिलाच सांगा, स्वप्नासकट. तक्रारीच्या सुरात नको. "मला कळलं नाही की मी जास्त घाबरते" एवढं म्हणा आणि औषधांची यादी मागून घ्या.

तोवर स्वप्न छळत राहिलं तर दिवसा, पूर्ण जागेपणी, त्याचा शेवट बदलून लिहा आणि रोज थोडा वेळ तो डोळ्यांसमोर आणा. दुःस्वप्नांवर मानसोपचारात ही पद्धत वापरतात. शेवट तुमचा तुम्हीच ठरवा, मी सुचवणार नाही. झोपायचीच भीती वाटू लागली किंवा दिवसाची कामं अडू लागली तर मात्र डॉक्टरांना भेटा. स्वतः कुठल्या गोळ्या घेत असाल तर त्याही सांगा; रक्तदाबाच्या आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही अशी ठसठशीत स्वप्नं पडतात.