पिस्तुलाचा ब्रेस: नियम रद्द झाला ते योग्यच झालं

ह्यूस्टनकर
काल एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं: "ब्रेस ही उघड पळवाट आहे. 2024 मध्ये कोर्टाने नियम रद्द केला आणि माथेफिरूंचं फावलं. ब्रेसवाल्या सगळ्यांना आत टाकायला हवं होतं." दोन ओळींत उत्तर देववेना, म्हणून वेगळा धागा काढतोय. (ब्रेस म्हणजे पिस्तुलाच्या मागे लावून हाताला बांधायचा आधार; विषय अमेरिकेतल्या नियमाचा.)

कुणाकुणाला आत टाकणार? 2012 मध्ये एटीएफनेच, म्हणजे बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या फेडरल खात्यानेच, लेखी कळवलं की हाताला पट्ट्याने बांधायचा ब्रेस लावला तरी पिस्तूल हे पिस्तूलच. 2014 मध्ये सांगितलं, खांद्याला टेकवलं तरी हरकत नाही. 2015 च्या जानेवारीत म्हणे टेकवलं की ती आखूड (16 इंचांहून कमी) नळीची रायफल झाली, म्हणजे 1934 च्या कायद्याने नोंदणी सक्तीची. 2017 मध्ये पुन्हा घूमजाव. आणि 2023 मध्ये थेट नियम: 31 मेपर्यंत नोंदणी करा, ब्रेस काढून नष्ट करा, 16 इंची नळी बसवा, नाहीतर हत्यार जमा करा किंवा मोडीत काढा. नाही केलंत तर 10 वर्षांपर्यंत कैद! वस्तू तीच, कायदा 1934 चाच, बदललं फक्त खात्याचं मत. त्यांच्याच अंदाजाने असे ब्रेस 30 लाख होते, नोंदणीचे अर्ज अडीच लाखांच्या आसपास. बंदी हवी तर अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे संसदेने, मतदान करून घालावी.

माझ्या शेजारचे काका निवृत्त सैनिक आहेत, एका हातात पकड नाही. ब्रेस बांधून ते नेम धरतात. मे महिन्यात त्यांनी घाबरून तो कापून टाकला. त्यांचा चेहरा मी पाहिलाय.

कोलंबसवाली
मी ओहायोत राहते. 2019 मध्ये इथल्या डेटन शहरात ओरेगन डिस्ट्रिक्ट भागात जो गोळीबार झाला त्यात हेच होतं: एआर रायफलीच्या धर्तीचं पिस्तूल, ब्रेस, 100 गोळ्यांचा ड्रम. साधारण अर्ध्या मिनिटात 9 माणसं गेली. आमच्या ऑफिसातली मुलगी त्या रात्री त्याच रस्त्यावर होती. अजून तिला फटाक्यांचा आवाज सहन होत नाही. 2021 मध्ये कोलोरॅडोत बोल्डरच्या किराणा दुकानात 10 गेले, तिथेही ब्रेसवालं पिस्तूलच. तुमच्या काकांबद्दल वाईट वाटतं, पण ब्रेस विकत घेणाऱ्यांत हात अधू असलेले किती, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

रेंजवाला
@कोलंबसवाली, बरोबर आहे. नेमबाजीच्या रेंजवर ब्रेस हाताला बांधून मारणारा मी तरी पाहिला नाही, सगळे खांद्यालाच लावतात. म्हणून काय झालं? 16 इंची नळीची रायफल दुकानातून सरळ मिळते, ती जास्त ताकदवान. आखूड नळीला गोळीचा वेग कमी पडतो. 1934 च्या कायद्याच्या मूळ मसुद्यात नोंदणीच्या यादीत पिस्तुलंही होती, म्हणून रायफल कापून पिस्तुलाएवढी करू नये हे कलम घातलं. पुढे पिस्तुलं वगळली आणि कलम मात्र राहिलं. 90 वर्षं लोक त्याचीच शिक्षा भोगताहेत.

कोलंबसवाली
आखूड असली की जॅकेटखाली लपते. एवढं साधं आहे ते. वेगाचं गणित मरणाऱ्याला सांगा.

व्हिसावर_आहे
मध्येच विचारतो. मी एच-वनवर आहे. मित्राच्या ब्रेसवाल्या पिस्तुलाने रेंजवर मारलं तर चालतं का?

रेंजवाला
अजिबात नाही! ब्रेस सोडा, साधं पिस्तूलही नाही. नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्याने बंदूक हातात घेणं हाच फेडरल गुन्हा, रेंजवर भाड्याने घेतली तरी. वैध हंटिंग लायसन्स असेल तर सूट आहे. ग्रीन कार्डवाल्यांना हे कलम लागत नाही.

एडिसनकर
काहीतरी काय! आमचा अख्खा ग्रुप जातो, सगळे एच-वन. कुणी कधी विचारलं नाही.

रेंजवाला
विचारलं नाही म्हणजे चालतं असं नव्हे. बंदूक विकत घेतानाच्या फेडरल फॉर्मवर हा प्रश्न असतो, त्यावर खोटी खूण करणं हा आणखी वेगळा गुन्हा. ग्रीन कार्डच्या रांगेत असताना हे उघडकीला आलं तर घरी परत जावं लागू शकतं. ग्रुपला सांगा, माझ्यावर चिडा हवं तर.

एडिसनकर
भीती घालायची सवयच आहे तुम्हाला. लोकांनी आयुष्यात काही मजा करायचीच नाही का?

व्हिसावर_आहे
हंटिंग लायसन्स ऑनलाइन मिळतं का? शिकार करायलाच हवी का?

रानडुक्कर_पीडित
तुमचं कौतुक वाटतं. इकडे चंद्रपूरला डुकरं रात्रीतून धान लोळवतात. वडिलांच्या बारा बोअरचा परवाना आहे, पण निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा. नेमकं पीक उभं असतं तेव्हा!

ह्यूस्टनकर
दादा, तुमचं दुःख खरं आहे, त्यावर स्वतंत्र धागा काढा, मी येतो. इथे विषय ब्रेसचा आहे.

@कोलंबसवाली, डेटनला जे झालं ते भयानकच. पण म्हणून खात्याने हवं तसं लिहायचं का? 2023 च्या नियमात, लोक एखादं हत्यार एरवी कसं वापरतात हेही पाहायचं होतं. म्हणजे यूट्यूबवर तिसऱ्याच कुणी खांद्याला लावलं तर माझं पिस्तूल रायफल! 2024 च्या जूनमध्ये टेक्सासच्या कोर्टाने नियम रद्द केला तो कार्यपद्धतीवरून. मसुदा एक दाखवला, अंतिम नियम दुसराच.

कोलंबसवाली
ठीक आहे. पत्रांचा घोळ घातला, लोकांना फसवल्यासारखं झालं, एवढं मान्य करते. त्यापुढे एक शब्द नाही. आणि तुम्हीही लोकांना अर्धवट सांगू नका. नियम गेला, 1934 चा कायदा जागेवर आहे. खांद्यावरून मारायलाच बनवलंय असं ठरलं तर आजही खटला होतो. 2026 पासून आखूड रायफलीच्या नोंदणीवरचा 200 डॉलरचा कर शून्यावर आला, नोंदणी उठलेली नाही. न्यू जर्सीसारख्या राज्यांचे कायदे आणखी कडक आहेत ते वेगळंच.

ह्यूस्टनकर
हे बरोबर आहे. कर नाही तर नोंदणी तरी कशाला, हा आता माझा पुढचा प्रश्न.

कोलंबसवाली
कारण कुणाकडे काय आहे ते कळायला हवं. यावर मी तसूभरही हलणार नाही.

व्हिसावर_आहे
शुक्रवारी टीमसोबत रेंजला जायचं ठरलंय. लायसन्स तोपर्यंत होणार नाही. मॅनेजरला काय सांगू?

रेंजवाला
खरं कारण सांगा: व्हिसामुळे कायद्याने हात लावता येत नाही. आणि ग्रुप फोटोत हातात काही धरू नका.