मदत हवी आहे: इंटरनेट बंदीचा आदेश बघायला मिळतो तरी कुठे?

मंडळी, प्रश्न कागदोपत्री आहे, पण अडलोय.

तालुक्याच्या गावी माझं ई-सेवा केंद्र आहे. आमच्या आळीत अजून वायर आलेली नाही, सगळा कारभार डोंगलवर. गेल्या नोव्हेंबरात, म्हणजे ऐन हयातीच्या दाखल्यांच्या दिवसांत, कुठल्याशा पोस्टवरून तणाव झाला आणि सकाळीच नेट गेलं. समोर एक आजी अंगठा लावून बसलेल्या. यंत्राचा लाल दिवा लागायचा, चक्र फिरायचं, परत 'कनेक्शन नाही'. त्यांना वाटलं, आपल्याच बोटाच्या रेषा झिजल्या. पदराला अंगठा पुसून पुन्हा पुन्हा लावत होत्या. अर्ध्या तासाने मोबाइल कंपनीचा मेसेज आला की शासनाच्या आदेशानुसार सेवा तात्पुरती बंद आहे. कधीपर्यंत, कुठल्या गावांत, कुणाच्या सहीने, काही नाही.

दोन दिवस धंदा बुडाला, ते सोडा. बंदी म्हणे अफवा थांबवायला. चौकात तोंडी फिरलेल्या अफवा मात्र खोट्या म्हणायलासुद्धा साधन नव्हतं.

नंतर आदेशाची प्रत मागायला एका सरकारी कार्यालयात गेलो. एक साहेब म्हणाले, "गोपनीय आहे." शेजारच्या टेबलावर उत्तर, "आमचा नाहीच, वरून आलाय."

आता माझ्या वाचनाप्रमाणे काश्मीरमधल्या बंदीवर, अनुराधा भसीन खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० ला सांगितलंय की असे आदेश प्रसिद्ध करायलाच हवेत, म्हणजे लोकांना त्यांना आव्हान देता येईल. मग हे गोपनीय कसं? माहिती अधिकाराचा अर्ज कुणाच्या नावे करू? आधी कुणी केलाय का?

जुना अर्जदार:
दादा, टेबल चुकलं तुमचं. हा आदेश सहसा राज्याच्या गृह विभागाचे सचिव काढतात. अगदीच अडचण असेल तर सहसचिव दर्जाचा अधिकारी काढतो, पण त्याला २४ तासांत वरून मंजुरी लागते. म्हणून अर्ज मंत्रालयात, गृह विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याला. अर्जाचा नमुना जोडपत्र 'अ', वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. तुम्ही गेलात त्या कार्यालयात लेखी दिला असतात तरी माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) खाली ५ दिवसांत पुढे पाठवणं त्यांना भाग होतं. तोंडी विचारलंत, तिथेच फसलात.

वकीलीणबाई:
दूरसंचार सेवा तात्पुरती बंद करण्याच्या नोव्हेंबर २०२४ च्या नव्या नियमांतही आदेश कारणांसह प्रसिद्ध करा असंच आहे, आणि १५ दिवसांची कमाल मर्यादा. 'गोपनीय' म्हणून नाकारलं तर कारण आणि अपील कुणाकडे करायचं ते लेखी द्यावं लागतं. पहिल्या अपिलाला ३० दिवस असतात. आणखी एक: मुख्य सचिवांच्या पुनर्विलोकन समितीने ५ दिवसांत आदेश तपासायचा असतो. त्या बैठकीचा निष्कर्षही मागा. आदेश एखादे वेळी मिळतो हो, गाडी इथे अडते.

धागाकर्ता:
समितीचं सुचलंच नव्हतं, आभार ताई. अर्ज लिहायला घेतलाय. 'प्रमाणित प्रत' लिहू की 'साक्षांकित'? त्या एका शब्दावरून परत पाठवायचे.