चार सिलिंडरच्या गाडीला दुहेरी एक्झॉस्ट कशासाठी?

मूळ मत

चार सिलिंडरच्या, टर्बो (जळक्या वायूच्या जोरावर जास्त हवा इंजिनात ढकलणारे यंत्र) नसलेल्या गाडीला एकच एक्झॉस्ट पाइप (जळका वायू बाहेर नेणारी नळी) योग्य असतो आणि मागे दोन पाइप काढल्याने केवळ वजन आणि खर्च वाढतो, असे माझे ठाम मत आहे. आतून ६० मिलिमीटर व्यास असलेल्या एका पाइपचे क्षेत्रफळ दोन पाइपांत वाटून दिले, तर प्रत्येकाचा व्यास सुमारे ४२ मिलिमीटर येतो. वायूला जायला जागा तेवढीच राहते, पण तो ज्या भिंतीला घासून जातो तिचा पृष्ठभाग मात्र सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे घर्षण वाढते, पाइप लवकर थंड होतात आणि गाडी जवळच्या फेऱ्यांपुरतीच वापरली जात असेल तर आत साचलेले पाणी सुकत नाही व सायलेन्सर आतून गंजतो.

पैसे घालायचेच असतील तर ते इंजिनाला लागून असलेल्या मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलिंडरांतून निघणारे पाइप एकत्र आणणाऱ्या भागावर घालावेत. सिलिंडर पेटण्याचा क्रम १-३-४-२ असेल, तर १ व ४ आणि २ व ३ अशा जोड्या जुळवून मग त्या एकत्र आणणारा ४-२-१ मॅनिफोल्ड रोजच्या वापरातल्या मधल्या वेगांना चांगला टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतो; चारही पाइप एकदम एकत्र आणणारा ४-१ मॅनिफोल्ड वरच्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) अधिक ताकद देतो, पण तीही अरुंद पट्ट्यातच.

प्रतिसाद १

हा हिशेब मला मान्य नाही, कारण दुहेरी पाइप बसवताना क्षेत्रफळ तेवढेच कोणी ठेवत नाही. ५० मिलिमीटरचे दोन पाइप घेतले की एकूण क्षेत्रफळ ६० मिलिमीटरच्या एका पाइपपेक्षा सुमारे ३९ टक्क्यांनी जास्त होते. शिवाय प्रत्येक सायलेन्सरच्या वाट्याला निम्माच वायू येत असल्याने आवाज न वाढवता वाट मोकळी ठेवता येते. व्ही-६ इंजिनात (व्ही आकारात दोन बाजूंना तीन-तीन सिलिंडर) तर दोन बाजूंना दोन पाइप हीच स्वाभाविक रचना आहे.

प्रतिसाद २

एकेरी पाइपच बरा, कारण इंजिनाला थोडे बॅकप्रेशर (बाहेर पडणाऱ्या वायूला होणारा उलटा दाब) लागतेच.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर

प्रतिसाद २ माझ्याच बाजूचा असला तरी त्यातले कारण चुकीचे आहे आणि हा समज इतका पसरला आहे की तो खोडून काढणे मला आवश्यक वाटते. इंजिनाला बॅकप्रेशर कधीच नको असते. त्याला हवा असतो वायूचा वेग. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच दाबाची लाट पाइपातून निघते आणि जिथे पाइप एकदम रुंद होतो किंवा दुसऱ्याला मिळतो, तिथून ओढून घेणारी लाट होऊन परतते. आत घेणारा व बाहेर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असताना ती पोहोचली, तर उरलेला जळका वायू बाहेर खेचला जातो आणि ताजे मिश्रण आत येते. पाइप गरजेपेक्षा रुंद घेतला की वायूचा वेग पडतो, खालच्या आरपीएमला ही ओढ कमी होते, आणि लोक त्याचा दोष बॅकप्रेशर कमी झाल्याला देतात.

प्रतिसाद १ मधील ३९ टक्के गणिताने बरोबर आहेत, परंतु चार सिलिंडरच्या गाडीत दुहेरी पाइप बहुधा मागच्या अॅक्सलजवळ (मागच्या चाकांच्या आसाजवळ) वेगळे होतात. त्याआधी सगळा वायू एकाच कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून (प्रदूषण कमी करणारा भाग) आणि एकाच पाइपमधून आलेला असतो. व्ही-६ हा या चर्चेचा विषय नाही. तरीही सांगतो, की क्रॉसप्लेन क्रँकशाफ्टच्या (पिस्टन जोडलेले बाक एकमेकांशी ९० अंशांत असलेला दांडा) व्ही-८ इंजिनातसुद्धा प्रत्येक बाजूचे वायूचे स्पंद (दाबाचे झटके) असमान अंतराने येत असल्याने दोन्ही पाइप एच किंवा एक्स आकाराच्या जोडाने एकमेकांना जोडावे लागतात.

प्रतिसाद ३

टर्बो इंजिनाला यातले बरेचसे लागू होत नाही. टर्बाइनमधून (टर्बोचे वायूने फिरणारे चक्र) जाताना स्पंद बहुतांशी विरून जातात, त्यामुळे तिच्यानंतरचा पाइप जितका रुंद आणि मोकळा, तितका चांगला.

प्रतिसाद १ (पुन्हा)

मागचा सायलेन्सरच वाट अडवत असेल, तर पाइपाचे अॅक्सलजवळ दोन फाटे झाले तरी दुहेरी रचनेचा फायदा होणारच, म्हणून मी माझे मत बदलत नाही. कन्व्हर्टरच्या आधीचा आणि नंतरचा ऑक्सिजन सेन्सर (वायूतला ऑक्सिजन मोजणारे उपकरण) आळीपाळीने काढून त्या जागी दाबमापक बसवावा आणि पूर्ण थ्रॉटलवर (अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून) दोन्हीकडचा दाब पाहावा. नंतरच्या जागीही दाब जास्त दिसला तर अडथळा मागे आहे आणि तो दूर करण्यावर केलेला खर्च वाया जाणार नाही.