दुकान आणि कारखाना दोन्हीकडे १९२.१६८.१.० हेच सबनेट : मेश व्हीपीएनमध्ये रूट कसे द्यावेत?

होटगीरोडकर (प्रश्न)

नमस्कार. आमचा टेरी टॉवेलचा कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे, विक्रीचे दुकान नवी पेठेत आहे आणि हिशेबाचे बरेचसे काम जुळे सोलापुरातल्या घरून चालते. ही तीन ठिकाणे जोडण्यासाठी आम्ही टेलस्केल हे मेश व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून उपकरणे एकमेकांना थेट जोडणारे खासगी जाळे, वापरतो. ज्या संगणकांवर आणि मोबाइलवर ते बसवता येते, ते एकमेकांना व्यवस्थित दिसतात. अडचण आहे ती ज्यांवर काहीच बसवता येत नाही अशा वस्तूंची, म्हणजे जकार्ड मागांचे कंट्रोलर आणि कॅमेऱ्यांचा डीव्हीआर यांची. त्यांच्यासाठी कारखान्यात एक छोटा लिनक्स संगणक सबनेट राउटर म्हणून, म्हणजे आपल्यामागच्या स्थानिक नेटवर्कचे (सबनेटचे) दार म्हणून, ठेवला, त्यावरून १९२.१६८.१.०/२४ (१९२.१६८.१ ने सुरू होणारे सर्व पत्ते) हा रूट, म्हणजे तिकडे जाण्याची वाट, जाहीर केला आणि अ‍ॅडमिन पॅनेलमध्ये त्याला मंजुरीही दिली.

घरचे राउटर १९२.१६८.०.० वर असल्यामुळे घरून सगळे उघडते. दुकानात मात्र कारखान्याचेच सबनेट आहे. तेथील बिलिंगच्या लिनक्स संगणकावरून १९२.१६८.१.५० उघडले, की कारखान्याच्या डीव्हीआरऐवजी दुकानातल्या प्रिंटरचे पान येते. त्या संगणकावर अ‍ॅक्सेप्ट-रूट्स (इतरांनी जाहीर केलेले रूट स्वीकारण्याची सेटिंग) चालू केले, तर डीव्हीआर दिसतो. पण प्रिंटर नाहीसा होतो, इंटरनेट मात्र चालू राहते.

दुसरी तक्रार अशी, की वीज जाऊन आली की कारखान्याचा सबनेट राउटर पॅनेलमध्ये ऑनलाइन दिसतो, त्याला पिंगही जाते, पण त्याच्यामागचे काहीच उघडत नाही. या दोन्हींचे मूळ एकच आहे का? शिवाय डाइंगचे काम आम्ही बाहेर देतो. त्या युनिटचेही सबनेट हेच आहे आणि तेथील पत्ते बदलणे आमच्या हातात नाही.

भुईकोट

दोन्हींची मुळे वेगळी आहेत.

प्रिंटरचे आधी पाहू. लिनक्सवर टेलस्केल आपले रूट ५२ क्रमांकाच्या स्वतंत्र टेबलात ठेवते आणि त्या टेबलाकडे पाठवणारा नियम ५२७० या प्राधान्याने लावते. नेहमीच्या मेन टेबलाची पाळी ३२७६६ वर, म्हणजे बऱ्याच नंतर येते. त्यामुळे अ‍ॅक्सेप्ट-रूट्स चालू होताच १९२.१६८.१.० मधला प्रत्येक पत्ता, प्रिंटरचासुद्धा, एमआयडीसीकडे रवाना होतो. ते बंद असते तेव्हा कारखान्याचा रूट त्या संगणकापर्यंत पोहोचतच नाही, कारण इतर प्रणालींवर रूट आपोआप स्वीकारले जातात, पण लिनक्सवर तसे सांगावे लागते. या प्रकाराला जुगाड शोधू नका. नियम वरखाली करून एक वस्तू दिसेल आणि दुसरी जाईल.

दुकानाचे सबनेट बदला. कारखान्यातल्या कंट्रोलरना हात लावण्यापेक्षा दुकानातले दोन-चार पत्ते बदलणे कितीतरी सोपे आहे. दुकानासाठी १०.२०.२०.०/२४ घ्या, पुढे घराला १०.२०.३०.०/२४ देता येईल आणि कारखान्याने नवीन मशिनरी घेतली की तिच्यासाठी १०.२०.१०.०/२४ राखून ठेवता येईल. खासगी वापराच्या तिन्ही मालिका १९९६ पासून ठरलेल्या आहेत आणि त्यांपैकी १० ने सुरू होणारी सर्वांत मोठी आहे, तरीही जो तो राउटरच्या खोक्यातून निघालेला १९२.१६८.१.० तसाच चालू ठेवतो आणि दोन जागा जोडायची वेळ आली की अडतो. मात्र १००.६४.०.०/१० या मालिकेतले पत्ते स्थानिक नेटवर्कला देऊ नका. ती २०१२ मध्ये इंटरनेट पुरवठादारांच्या सामायिक नॅटसाठी (अनेकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवण्यासाठी) राखली गेली आणि टेलस्केल आपल्या उपकरणांना त्यातलेच पत्ते देते.

वीज गेल्यानंतरची गोष्ट आयपी फॉरवर्डिंगची दिसते. ते तात्पुरते चालू केलेले असेल, तर संगणक पुन्हा सुरू झाल्यावर बंद होते. अशा वेळी सबनेट राउटर स्वतः उत्तर देतो, पण दुसऱ्याचे पॅकेट (माहितीचा तुकडा) पुढे ढकलत नाही, आणि तुमचे वर्णन नेमके तसेच आहे. ही सेटिंग सिसकंट्रोलच्या (लिनक्सच्या कर्नल सेटिंगच्या) फाइलमध्ये कायमची लिहा आणि मुद्दाम एकदा वीज काढून तपासा.

कंबरतलाव

वरचे पटले. त्यात परतीच्या वाटेची भर घालतो, कारण मेशमधल्या पुष्कळ तक्रारी तेथेच अडकलेल्या असतात.

कारखान्यात यंत्रे बसवताना कंट्रोलरला आयपी दिला जातो, पण गेटवेची, म्हणजे नेटवर्कबाहेर जाण्याच्या दाराची, जागा बहुधा रिकामी सोडली जाते. अशा कंट्रोलरकडे दुकानातल्या १०.२०.२०.१५ वरून पॅकेट आले, तर उत्तर कोठे पाठवायचे हे त्याला कळत नाही. टेलस्केलचा सबनेट राउटर एरवी पॅकेटचा मूळ पत्ता बदलून तेथे स्वतःचा स्थानिक पत्ता घालतो, म्हणजे सोर्स नॅट करतो, म्हणून कंट्रोलरला तो शेजारीच बोलतो आहे असे वाटते आणि उत्तर मिळते. नोंदीत खरा पत्ता दिसावा म्हणून अनेक जण हे बंद करतात. तुम्ही कारखान्याच्या बाजूला ते चालूच ठेवा.

वायरगार्ड हे व्हीपीएन स्वतः हाताने मांडले असते, तर हेच अलाउड-आयपीज या एका ओळीत आले असते. ती ओळ दोन कामे करते : बाहेर जाताना कोणता पत्ता कोणाकडे पाठवायचा ते ठरवते आणि आत येताना त्या साथीदाराकडून, म्हणजे समोरच्या उपकरणाकडून, कोणता मूळ पत्ता चालेल तेही तपासते. एकच मालिका दोन साथीदारांना दिली, तर ती शेवटी ज्याला दिली त्याच्याकडेच राहते. टेलस्केलच्या पोटातही वायरगार्डच आहे, त्यामुळे हा नियम तेथेही सुटत नाही.

होटगीरोडकर

आपले दोघांचेही आभार. दुकानाचे सबनेट बदलले. प्रिंटर आणि डीव्हीआर आता एकाच वेळी उघडतात. फॉरवर्डिंग फाइलमध्ये लिहिले आणि मेन स्विच बंद करून पाहिला, कारखान्याची बाजू आपोआप परत आली.

आता डिझायनरचा जुना संगणक राहिला आहे. तो दुकानात आहे आणि त्यावर टेलस्केल चालत नाही, म्हणून दुकानातही एक सबनेट राउटर ठेवला, त्यावर अ‍ॅक्सेप्ट-रूट्स चालू केले आणि दुकानाच्या मुख्य राउटरमध्ये कारखान्याकडचा स्थिर रूट दिला. तरीही डिझायनरच्या संगणकावरून कारखान्यात काहीच जात नाही.

कंबरतलाव

दुकानाच्या सबनेट राउटरवरून १०.२०.२०.०/२४ जाहीर करून त्याला मंजुरी दिली आहे का ते पाहा, आणि कारखान्याच्या लिनक्स संगणकावर अ‍ॅक्सेप्ट-रूट्स चालू करा. डिझायनरच्या पॅकेटचा मूळ पत्ता १०.२०.२० मधला असतो. तो कोणाच्या मागचा हे कारखान्याकडच्या टोकाला माहीतच नसेल, तर ते पॅकेट दारातच टाकून दिले जाते. रूट एका बाजूने जाहीर करून भागत नाही.

हे झाल्यावर पुढची अडचण बहुधा अशी येईल, की पिंग जाईल, छोटे पान उघडेल, पण मोठी डिझाइन फाइल अर्ध्यावर थांबेल. बोगद्याचा, म्हणजे व्हीपीएनच्या वाटेचा, एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) १२८० बाइट असतो आणि डिझायनरचा संगणक १५०० गृहीत धरून पॅकेट पाठवत असतो. तुकडे न करण्याच्या अटीवर १२५२ बाइटचे पिंग पाठवून पाहा; ते जात असेल आणि १२५३ चे जात नसेल, तर निदान पक्के. सबनेट राउटरच्या फॉरवर्ड साखळीत टीसीपीचा एमएसएस (पॅकेटमधील मजकुराची कमाल लांबी) वाटेच्या एमटीयूनुसार खाली आणणारा नियम लावा, म्हणजे तो १२४० वर येईल.

भुईकोट

डाइंग युनिटचे राहून गेले होते. तेथे सबनेट राउटर ठेवण्याची परवानगी मिळत असेल, तर टेलस्केलमधली फोर-व्हाया-सिक्स ही सोय आहे : त्या जागेला एक साइट क्रमांक द्यायचा आणि तेथील आयपीव्ही४ पत्ते आयपीव्ही६ पत्त्यांत गुंफून जाहीर करायचे, म्हणजे दोन्हीकडे १९२.१६८.१.५० असले तरी तुमच्या बाजूने पत्ते वेगळे राहतात. पण डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये चार आकड्यांच्याच चौकटी असतील, तर हे उपयोगी पडणार नाही. तेव्हा त्यांच्याकडच्या सबनेट राउटरवर नेटमॅपचा नियम लावून १०.२०.४०.०/२४ चे १९२.१६८.१.०/२४ असे एकास एक रूपांतर करा आणि मेशमध्ये फक्त १०.२०.४०.०/२४ जाहीर करा. १०.२०.४०.५० उघडले की त्यांचा ५० क्रमांकाचा पत्ता मिळेल.

तेथे आणखी एक काळजी घ्या. सुरुवातीच्या धोरणात मेशमधल्या सर्वांना सर्वत्र जाण्याची मुभा असते. दुसऱ्याचे युनिट जोडण्याआधीच नियम लिहा : त्यांच्या माणसांना तुमच्याकडचे शेड कार्डांचे (रंगछटांच्या नमुन्यांचे) फोल्डर ज्या संगणकावर आहे तेवढाच पत्ता, आणि कंट्रोलरकडे जाण्याची परवानगी फक्त डिझायनरच्या १०.२०.२० मधल्या एका पत्त्याला, /३२ लावून.