मदत हवी आहे: पाईपमधल्या हवेचं फ्रिक्शन आणि हीट ट्रान्सफर जुळत नाहीये

मंडळी, चार दिवस डोकं खाजवतोय, कोणीतरी सांगा प्लीज. २५ मिमीचा पाईप, बाहेरून हीटर गुंडाळलाय, आतून हवा, रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह किती खळबळता आहे ते सांगणारा आकडा) ४०,००० च्या आसपास. ब्लासियसने (गुळगुळीत पाईपचं सूत्र) फ्रिक्शन फॅक्टर, म्हणजे घर्षणाचा गुणांक, ०.०२२ यायला हवा पण प्रेशर ड्रॉपवरून काढला तर ०.०२९ येतोय (डार्सीवाला हं, फॅनिंगचा नाही, तो याच्या एक चतुर्थांश असतो, ती चार पटीची चूक आधीच करून झालीय). पाईप आतून खरखरीत आहे, बोट फिरवलं तरी कळतं, त्यामुळे एवढं ठीक.

घोळ पुढे आहे. गुळगुळीत पाईप धरून ग्निलिन्स्कीच्या सूत्राने नसेल्ट नंबर (भिंतीकडून हवेला उष्णता किती जाते त्याचं माप) ८८ येतो, डिटस-बोल्टर या दुसऱ्या सूत्राने ९६. मग म्हटलं मोजलेला ०.०२९च ग्निलिन्स्कीत टाकू, तर एकदम ११९! आणि प्रत्यक्षात मोजलेला फक्त ९४.

मला वाटतं खरखरीतपणामुळे वाढलेलं फ्रिक्शन हे बरचसं त्या उंचवट्यांवरच्या प्रेशरचं असतं आणि उष्णतेला तसा जोडीदारच नाही, म्हणून रेनॉल्ड्स अ‍ॅनालॉजी (घर्षणावरून उष्णतेचा अंदाज बांधायची पद्धत) इथे फसते. की भिंत १२० अंशांवर आणि हवा ४० वर असल्याने हवेचे गुणधर्म बदलतात त्याचा हा परिणाम? तापमानांच्या गुणोत्तराचा (भिंत भागिले हवा, केल्व्हिनमध्ये) -०.५ घात लावला तर ११९ चे १०६ होतात, तरी ९४ काही येत नाही.

खरखरीत पाईपसाठी हवेला चालेल असं कोणतं कोरिलेशन (प्रयोगांवरून बसवलेलं सूत्र) वापरता तुम्ही? आणि सिम्युलेशन करायचं तर वॉल फंक्शनवर (भिंतीलगतचा प्रवाह बारीक न सोडवता सूत्राने धरणं) भरवसा ठेवू का?